हरिणाच्या शिकारीचा बाण : मिटत्या पात्यांचा फाळ घ्यावा कीं स्थिर?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मका, सोयाबीन व सफरचंद पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ज्या वन्य चतुष्पादापासून फार मोठा उपद्रव पोहोंचतो, तें पांढऱ्या शेपटीचें हरिण होय. एकोणिसावें शतक संपलें त्या सुमारास, बेसुमार शिकारीमुळें, हीं हरणें त्या देशांत पांच लाखांच्या आंतच उरलीं होतीं. पुढें शिकारीवर निर्बंध आले. लांडगे बहुतेक मुलखांतून नाहींसे झाले होतेच. आणि सोडून दिलेल्या शेतांत झुडुपें माजून हरणांस आसरा मिळाला. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास धरतात. सोयाबीनचा कोंवळा शेंडा आणि सफरचंदाच्या कलमाचा फुगलेला डोळा या दोहोंवर त्यांची सारखीच प्रीति आहे.

हरणें कमी करावयाचीं तर बंदूक आहेच. परंतु गांवें जेथें शेतांस येऊन भिडलीं आहेत तेथें बंदुकीची गोळी चुकली म्हणजे ती कोणाच्या अंगणांत जाऊन पडेल याचा नेम नाहीं. झाडावर बांधलेल्या मचाणावरून वीस यार्डांवर सोडलेला बाण चुकला तर जमिनींत रुततो, आणि त्याचा आवाजही होत नाहीं. म्हणून तेथील पुष्कळ शेतकरी शरद्‌ऋतूंत धनुर्धर शिकाऱ्यांस आपल्या शेतांत येण्याची परवानगी देतात. अशा वेळीं शिकाऱ्याच्या बाणाचें टोंक कसें आहे हा प्रश्न एकट्या शिकाऱ्याचा राहत नाहीं. घाव वर्मीं न बसलेलें हरिण दोन शेतें ओलांडून उभ्या मक्यांत जाऊन पडतें. कोणास सांपडत नाहीं. कापणीच्या वेळीं दुर्गंधीवरून तें कळतें. मांस वायां गेलें, जनावर हाल होऊन मेलें, आणि शेजारी दुसऱ्या वर्षीं परवानगी देईनासा होतो. या लेखांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे त्याचें मूळ येथें आहे.

आमच्याकडील वाचकांसाठीं एक गोष्ट आधींच स्पष्ट केलेली बरी. रानडुकरें व रोही यांनीं गांजलेल्या आपल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीस हल्लीं परदेशांतील असल्या बाणांचीं चित्रें व जाहिराती पडूं लागल्या आहेत. आपल्या देशांत १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानें शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराविषयीं त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत तरतूद आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावांचून लागू होत नाहीं. आपण होऊन धनुष्य उचलण्याची मुभा ती कोणासही देत नाहीं. तेव्हां पुढील विवेचन अमेरिकेंतील शेतीचें व शिकारीचें आहे असेंच समजावें. ज्यांचे मुलगे वा भाऊ त्या देशांत जाऊन राहिले आहेत, आणि ज्यांच्या परसांतील भाजी हरणें फस्त करतात, त्यांच्या तें प्रत्यक्ष उपयोगीं पडेल. इतरांस शेतीच्या एका दूरच्या प्रश्नाची ओळख होईल.

धनुष्यानें शिकार करण्याची आवड अमेरिकेंतील गोऱ्या लोकांत पुन्हां उत्पन्न झाली ती एका मूळच्या रहिवाशामुळें. याही जमातीचा शेवटचा मनुष्य, ज्यास इशी म्हणत, १९११ सालीं कॅलिफोर्नियांत प्रकट झाला. त्याजपासून डॉ. सॅक्स्टन पोप यांनीं ही विद्या घेतली व १९२३ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. १९३४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानानें हरिणासाठीं केवळ धनुष्याचा असा स्वतंत्र हंगाम ठरविला. तेव्हांचें धनुष्य साधें, लांकडाचें; बाणाचें टोंक पोलादी पत्र्याचें, घट्ट बसविलेलें. १९६९ सालीं मिसूरींतील हॉलिस ॲलन यांस चाकांच्या धनुष्याचा हक्क मिळाला, तेव्हांपासून बाणाचा वेग वाढत गेला, आणि वेग वाढल्यानेंच मिटत्या पात्यांच्या फाळाची गरज उत्पन्न झाली. ती कशी, तें पाहूं.

शिकारी बाणाच्या रुंद व धारदार टोंकास तिकडे ब्रॉडहेड म्हणतात. आपण त्यास फाळ म्हणूं. स्थिर फाळाचीं पातीं सदैव उघडीं असतात. बाणाच्या मागच्या टोंकास पिसें असतात तीं वाऱ्यास धरून बाण सरळ ठेवितात. परंतु पुढचीं उघडीं पातींही वाऱ्यास धरितात, आणि तीं पुढें असल्यामुळें बाणास वांकडा वळवूं पाहतात. मंद बाणांत हा दोष फारसा दिसत नाहीं. सेकंदास पावणेतीनशें फूट जाणाऱ्या बाणांत तो चांगलाच दिसतो. मिटत्या फाळांत पातीं दांड्याला चिकटून झोंपलेलीं असतात. रबराचें कडें किंवा प्लॅस्टिकची चकती त्यांस धरून ठेविते. जनावरावर आदळतांच तीं उघडतात. त्यामुळें हवेंतून जातांना हा बाण सरावाच्या साध्या टोंकाच्या बाणासारखा सरळ जातो, आणि अंगांत शिरतांना मात्र दीड दोन इंच रुंद होतो. कल्पना खरोखर चतुराईची आहे. तिची टिंगल करणारे जुने धनुर्धर आहेत; त्यांच्या पंगतींत आम्ही बसणार नाहीं.

तथापि उघडण्यास जें बळ लागतें तें येतें कोठून? बाणाच्या अंगीं धनुष्यानें जेवढें बळ घातलें तेवढेंच त्याजपाशीं असतें. पातीं उघडणें, रुंद जखम कापणें व खोल शिरणें हीं तिन्ही कामें त्या एकाच पुंजींतून व्हावयाचीं. नांगराचा फाळ रुंद घेतला कीं बैल तेवढेच ठेवून खोल तास निघत नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे; येथें प्रकार तोच.

हिशेब सोपा आहे. बाणाचें वजन ग्रेनमध्यें घ्यावें, त्यास वेगाच्या वर्गानें गुणावें, व ४,५०,२४० नें भागावें. म्हणजे फूट-पौंडांत बळ निघतें. (एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. सामान्य फाळ १०० ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडा अधिक असतो.) सत्तर पौंड ओढीचें चाकांचें धनुष्य ४०० ग्रेनचा बाण सेकंदास २८० फूट वेगानें फेंकीत असेल तर बळ सुमारें ७० फूट-पौंड येतें. उलट चाळीस पौंड ओढीचें हलकें धनुष्य, जें पुष्कळ स्त्रिया व मुलें वापरतात, ३५० ग्रेनचा बाण २२० फूट वेगानें फेंकीत असेल तर बळ ३८ च्या आंत राहतें. म्हणजे जवळ जवळ निम्में. हरिण मारण्यास तेवढेंही पुरतें, पण तें अरुंद, घट्ट बसविलेल्या, वस्तऱ्यासारख्या धारेच्या फाळास पुरतें. तेंच बळ दोन इंची मिटत्या फाळाच्या हवालीं केलें तर पातीं उघडतांना व बरगडी कापतांनाच तें संपावयाचें, आणि बाण अर्ध्यावर अडकावयाचा. दुकानदार मात्र दोघांसही एकच डबी दाखवितो.

बाण आरपार जावा असा आग्रह कां, तेंही सांगितलें पाहिजे. मचाणावरून मारलेला बाण अंगांत उंचावर शिरतो. तो आंतच राहिला तर रक्त पोकळींत सांठतें व जमिनीवर थेंबही पडत नाहीं. आरपार गेला तर खालच्या बाजूस दुसरें भोंक पडतें, आणि त्यांतून गळणाऱ्या रक्ताच्या मागावरूनच जनावर सांपडतें. बाणानें जनावर मरतें तें गोळीसारख्या धक्क्यानें नव्हे. फुप्फुसें वा काळीज कापलें जाऊन रक्त गेल्यानें मरतें. चांगला घाव बसल्यास हें काम कांहीं सेकंदांचेंच असतें, परंतु तेवढ्यांत हरिण शंभर यार्ड धांवून जाऊं शकतें.

आतां रुंदीच्या जाहिरातीकडे वळूं. दोन इंच रुंदीचा दोन पात्यांचा फाळ दोन इंच कापतो, हें उघड आहे. सव्वा इंचाहून थोडा लहान, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यासाचा, तीन पात्यांचा स्थिर फाळ मध्यापासून तीन दिशांस कापतो. तिन्ही कापांची बेरीज केली तर ती पावणेदोन इंचांच्या जवळ जाते. अंतर सुमारें पाव इंचाचें! जाहिरातींत मात्र ‘दुप्पट रुंद’ असें दिसतें. रुंद फाळाचा खरा लाभ निराळा आहे : नेम बोटभर चुकला तर त्याची धार वर्मास लागण्याचा संभव थोडा वाढतो. हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. ज्यांचें धनुष्य सबळ आहे त्यांनीं तो अवश्य घ्यावा.

या लाभास पुरावाही आहे. मेरिलँड संस्थानांत इंडियन हेड येथील आरमाराच्या जागेंत १९८९ ते २०१२ पर्यंत शिकाऱ्यांच्या प्रत्येक बाणाची नोंद ठेविली गेली. स्थिर फाळानें घायाळ झालेल्या १,०६६ हरणांपैकीं ८७४, म्हणजे शेंकडा ८२ हातीं आलीं. मिटत्या फाळाच्या २३० पैकीं २०९, म्हणजे शेंकडा ९१. हे आंकडे पाहून मिटत्या फाळाचे कैवारी वाद संपला असें म्हणतात. आमच्या मतें तो संपत नाहीं. त्या जागेंत शिकारीस येणाऱ्यास प्रथम नेमाची परीक्षा द्यावी लागे, आणि धनुष्यें आधुनिक, चाकांचीं किंवा क्रॉसबो नांवाचीं आडवीं व जोरदार होतीं. म्हणजे तेथें मिटता फाळ सबळ धनुष्यावर व शिकलेल्या हातीं होता. अशा जोडीनें तो उत्तम काम देतो एवढें या आंकड्यांवरून निश्चित ठरतें. चाळीस पौंडांच्या धनुष्याविषयीं त्यांत कांहींच नाहीं. मात्र ‘मिटता फाळ म्हणजे जनावरें घायाळ करून सोडण्याचें यंत्र’ हा जुन्यांचा आक्षेप या नोंदीपुढें टिकत नाहीं, हेंही तितक्याच स्पष्टपणें म्हटलें पाहिजे.

आमचा खरा आक्षेप दुसरा आहे, आणि तो फाळापेक्षां तो विकत घेणाऱ्याच्या आळसावर आहे. धनुष्य नीट जुळविलेलें नसलें कीं बाण किंचित् तिरपा चालतो. स्थिर फाळ लावून मारल्यास हा दोष लगेच उघड होतो, कारण बाण सरावाच्या बाणापासून चार सहा इंच दूर जाऊन बसतो. मग शिकारी बाणाचा टेकू केसभर सरकवितो, दोरीची खांच तपासतो, आणि दोन्ही बाण एके ठिकाणीं बसेपर्यंत ही खटपट चालवितो. मिटता फाळ हा दोष झांकतो. बाण निशाणावर बरोबर बसतो, म्हणून शिकाऱ्यास वाटतें सर्व ठीक आहे. पण तो तिरपा चालतच असतो, आणि तिरपा बाण जनावराच्या अंगांत शिरतांना आपलें बळ बाजूस वायां घालवितो. वास्तविक ज्यास बळाची सर्वांत अधिक गरज त्याच फाळानें हें व्हावें! म्हणून मिटता फाळ वापरावयाचा असला तरी धनुष्य स्थिर फाळानेंच जुळवून घ्यावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. एक डबी अधिक घ्यावी लागेल, तेवढाच खर्च.

मिटत्या फाळांतही दोन जाती आहेत. एकींत पात्यांचीं टोंकें पुढें तोंड करून मिटलेलीं असतात व आदळल्यावर चाकूसारखीं मागें उलटतात. जनावर तिरपें उभें असल्यास एक पातें आधीं लागून बाण बाजूस उडण्याचें भय असतें, व शिरण्याचें भोंक लहान पडतें. दुसरींत पातीं मागें सरकत सरकत बाहेर येतात. भोंक पहिल्यापासून रुंद पडतें व बाण सहसा उडत नाहीं. मिटताच फाळ घ्यावयाचा तर दुसऱ्या जातीचा, आणि तोही दीड इंचाच्या आसपासचा घ्यावा. दोन इंचांच्या पुढचे फाळ टर्कीसारख्या पक्ष्यासाठीं ठीक. पक्ष्याचें वर्म मुठीएवढें, अंग पोकळ, तेथें खोलीपेक्षां रुंदीस महत्त्व. रानटी झालेल्या डुकरांची गोष्ट अगदीं उलट. टेक्सास वगैरे दक्षिणेच्या भागांत हीं डुकरें शेतें नांगरल्यासारखीं उकरून टाकितात. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट, ढालीसारखें कातडें असतें. शिवाय त्याचीं फुप्फुसें हरिणापेक्षां खालीं व पुढें असतात, म्हणून बाण त्या ढालींतूनच घालावा लागतो. तेथें मजबूत स्थिर फाळ व जड बाण यांस पर्याय नाहीं. एल्क नांवाच्या थोर हरिणासही, धनुष्य अतिशय सबळ असल्याखेरीज, आम्ही स्थिरच फाळ सुचवूं.

कायद्याविषयीं दोन शब्द. पश्चिमेकडील कांहीं संस्थानांनीं मोठ्या जनावरांसाठीं मिटत्या फाळास पुष्कळ वर्षें मनाई केली होती. अनेक संस्थानें फाळ निदान सात अष्टमांश इंच रुंद असावा असें सांगतात, व उलट्या कांट्यांच्या फाळास बंदी करितात. ही शेवटची बंदी आपल्यास परकी वाटूं नये. आपल्या प्राचीन ग्रंथांत क्षुरप्र, भल्ल, अर्धचंद्र अशा अनेक फाळांचीं नांवें येतात, आणि कर्णी म्हणजे उलट्या कांट्यांचा बाण युद्धांतदेखील वापरूं नये असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. कारण एकच : असा बाण अंगांत राहतो, जनावर वा मनुष्य तत्काळ मरत नाहीं, आणि तो उपसतां येत नाहीं. म्हणूनच मिटत्या फाळाचीं पातीं उघडल्यावर मागें ओढतांना पुढें झुकून मोकळीं होतात कीं कांट्यासारखीं अडकतात, हें विकत घेतांना बोटानें नव्हे, लांकडाच्या काडीनें हालवून पाहावें. पण मिटत्या फाळास सरसकट मनाई करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मनाई करावयाचीच तर दुबळ्या धनुष्यावर रुंद फाळ लावण्यास करावी, आणि मेरिलँडांतल्यासारखी नेमाची परीक्षा सर्वत्र ठेवावी. त्या देशांत १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेसाठीं लावून दिला, आणि १९७२ सालीं, ज्या वर्षीं आपल्याकडे शिकारबंदीचा कायदा झाला त्याच वर्षीं, धनुष्यबाणांसही तो कर लागू केला. परीक्षेचा खर्च त्यांतून सहज निघावा.

ज्या शेतकऱ्यानें परवानगी द्यावयाची त्यानें शिकाऱ्यास काय विचारावें? फाळाचें नांव विचारण्यांत अर्थ नाहीं. धनुष्याची ओढ किती, बाणाचें वजन किती, आणि शिकारीस जो फाळ लावणार तोच लावून निशाण मारून पाहिलें काय, एवढें विचारावें. तिसऱ्या प्रश्नास पुष्कळजण अडखळतात. अंतराचीही बोली करून घ्यावी. बाण सेकंदास २८० फूट जातो, तर दोरीचा आवाज ११०० फूट. तीस यार्डांवरील हरिणास बाण पोहोंचण्यापूर्वीं पाव सेकंद आधीं आवाज ऐकूं येतो, आणि तेवढ्यांत तें उडी घेण्यासाठीं अंग खालीं दाबतें. फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवर बसतो. वीस यार्डांच्या आंत हा धोका पुष्कळ कमी होतो. समोरून तोंड करून उभ्या असलेल्या हरिणावर बाण सोडूं नये. बाजू दिलेलें किंवा किंचित् पाठमोरें असेल तेव्हांच सोडावा. रबराचीं कडीं उन्हानें चिरतात, तीं दर हंगामीं बदलावीं. भात्यांत पातें आपोआप उघडलें असेल तर तो बाण बाजूस ठेवावा. आणि एकदां मारलेलें पातें दगडावर घांसून पुन्हां वापरण्यापेक्षां नवें घालावें.

घाव बसल्यावर घाई करूं नये. बाण हातीं आला तर त्यावरील रक्त पाहावें. गुलाबी व फेंसाळ असेल तर फुप्फुस कापलें. अर्धा तास थांबून मागावर जावें. काळपट लाल असेल तर यकृतास लागलें असावें. तेथें तीन चार तास तरी थांबावें. हिरवट घाण व दुर्गंधी आली तर घाव पोटांत आहे. मग आठ दहा तासांच्या आंत पाऊल टाकूं नये, नाहीं तर निजलेलें हरिण उठून शेजारच्या शेतांत जाईल. आणि शेजाऱ्याच्या शेतांत शिरण्यापूर्वीं, रात्र असली तरी, त्याच्या दारावर थाप मारून त्याची परवानगी घ्यावी.